चित्र भारी आहे, पण खरं आहे का?

माझी रूममेट मेकॅनिकलला आहे. फायनल इयरचा तिचा प्रोजेक्ट म्हणजे विमानाच्या इंजिनातल्या कम्बशन चेंबरचं सिम्युलेशन. रात्र-रात्र लॅपटॉप घुरघुरत असायचा. शेवटी स्क्रीनवर लाल-पिवळी-निळी ज्वाळा उमटली. मी मास कॉमवाली, मला वाटलं झालं काम! व्हायवात परीक्षकांनाही तसंच वाटलं असावं. चित्र बघून मार्क मिळाले. हे उत्तर कशाशी ताडून पाहिलं, असं कुणी विचारलंच नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. त्या चेंबरमध्ये हवा चक्रीवादळाच्या वेगाने घुसते, तरी ज्योत विझून चालत नाही. म्हणून हवेला भोवरा देतात. भोवऱ्याच्या पोटात गरम वायू मागे फिरतात आणि ज्योत टिकते. तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या घरात, म्हणजे भोवतालचा धातू वितळेल इतकं. बारीक भोकांतून सोडलेल्या थंड हवेच्या थरामुळे तो वाचतो. अशा ठिकाणी आत डोकावून मोजमाप घेणं महाकठीण, म्हणून कम्प्युटर लागतो. चेंबरचे लाखो छोटे तुकडे करून प्रत्येकात प्रवाहाची समीकरणं सोडवतात. पण टर्ब्युलन्स इतका बारीक असतो की तो सगळा मोजणं परवडत नाही. तिथे मॉडेल, म्हणजे अंदाज वापरतात. अंदाज चुकला तरी चित्र तेवढंच सुंदर येतं!

म्हणून शेवटचा शब्द चाचणीचा. बंगळुरूच्या ‘जीटीआरई’चं ‘कावेरी’ इंजिन 2010 मध्ये रशियात नेऊन आयएल-76 विमानावर उडवून तपासावं लागलं. आपलं ‘तेजस’ आजही अमेरिकी इंजिनावर उडतं. हे चित्र बदलायचं तर सिम्युलेशन करणारे आणि त्यावर शंका घेणारे, दोन्ही लागतील.

सॉफ्टवेअर आता अडचण नाही. ‘ओपनफोम’ फुकट आहे, आयआयटी मुंबईचे त्यावरचे धडेही फुकट आहेत. मग कॉलेजांनी एवढं तरी करावं: प्रोजेक्टमधला एक तरी आकडा प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाशी ताडून दाखवल्याशिवाय मार्क देऊ नयेत. आकडा जुळला नाही तरी चालेल, का जुळला नाही ते सांगता आलं पाहिजे.

आम्हाला बातमी दुसऱ्या सोर्सकडून तपासल्याशिवाय छापू देत नाहीत. इंजिनाला सूट कशाला?

रूममेटला हे बोलले तर ती आधी चिडली. काल रात्री लॅपटॉप पुन्हा घुरघुरत होता. मार्क तर मिळालेत, मग आता काय? म्हणाली, ‘‘तुकडे आणखी बारीक करून बघतेय, उत्तर बदलतं का.’’