आधी पाय, मग चाळ

शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली, की गावोगाव आठ दिवसांत लावणी 'बसवली' जाते. अकरा-बारा वर्षांच्या पोरी, भाड्यानं आणलेले चाळ, सिमेंटचा ओटा आणि अनवाणी पाय. पाहुणे टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारतात, "पोरीच्या जातीले हे शोभते काय?" पदर, पोलकं, नजर, हावभाव या सगळ्यांवर गावाला मत असतं. पोरीच्या पायांवर मात्र कुणाचंच मत नसतं.

हिवरखेड परिसरात किशोरींच्या गटांबरोबर काम करताना मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. शरीर झाका म्हणणारे पुष्कळ, शरीर जपा म्हणणारं कुणी नाही. नाच हे अंगमेहनतीचं काम आहे. इभ्रतीची चर्चा सुरू झाली की ती मेहनतच दिसेनाशी होते.

युरोपातून जगभर गेलेल्या बॅले नाचात मुली कडक टोकाचे खास बूट घालून बोटांच्या टोकांवर उभ्या राहतात. जाणती शिक्षिका हे बूट सहसा अकरा-बारा वर्षांच्या आत देत नाही, तेही काही वर्षांच्या तालमीनंतरच. आधी घोटा, पोटरी, पाठ यांची ताकद पाहते. एका पायावर उभं राहून टाच पुन्हा पुन्हा उचलता येते का, ते तपासते. तिथंही सगळं ठीक आहे असं नाही. सोललेली बोटं लपवून हसायचं, उपाशी राहून बारीक व्हायचं, हे त्या पोरींनीही सोसलं आहे. पण 'हे पाय तयार आहेत का?' हा प्रश्न निदान तिथं विचारला जातो.

यावर हमखास उत्तर येतं, की तमाशातल्या पोरी लहानपणापासून नाचतात, त्यांच्या रक्तातच आहे ते. हे उत्तर जातीचं आहे, बायांनो. रक्तात नाच नसतो. पायांत वर्षांची मेहनत असते, आणि पुष्कळदा दुसरा मार्ग नसतो. विठाबाई नारायणगावकर तमाशा चालू असताना बाळंत झाल्या, ही हकीकत महाराष्ट्र कौतुकानं सांगतो. बाळंतिणीला रजा का नव्हती, हे विचारत नाही. २००२ साली त्या गेल्या. शेवटचे दिवस हलाखीत काढले आणि नंतर सरकारनं त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. २००५ साली याच राज्यानं डान्सबारमधल्या बायांच्या नाचावर बंदी घातली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. गौरव असो की बंदी, नाचणारीच्या देहाची काळजी दोन्हींत नाही.

म्हणून नव्यानं चाळ बांधणाऱ्या पोरींना आणि त्यांच्या आयांना काही गोष्टी रोखठोक सांगते.

१. आधी काही महिने बिनचाळीचा सराव करा. मग थोडी घुंगरं बांधा आणि हळूहळू वाढवा. अनुभवी कथक नर्तकी एकेका पायात शंभर-दीडशे बांधते, पण त्यामागे वर्षांची तालीम असते.

२. चाळांखाली सुती पट्टी गुंडाळा. बोटं बधिर होत असतील तर चाळ सैल करा.

३. सिमेंट आणि फरशी पायाचा दणका जिरवत नाहीत, तो नडगी आणि गुडघ्यात जातो. सराव लाकडी तक्तपोशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर करा. सरकणारी सतरंजी नको.

४. नाचण्याआधी दहा मिनिटं अंग गरम करा, टाचा उचलण्याचा व्यायाम रोज करा.

५. पोटऱ्या भरून येणं दोन-तीन दिवसांत जातं. पण हाडावर एकाच जागी दुखत असेल, नाचताना वाढत असेल, रात्रीही थांबत नसेल, तर नाच बंद आणि दवाखाना. हाडाला बारीक चीर असू शकते.

६. उपाशीपोटी नाच नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आहे. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर नाचामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

७. पाळीच्या दिवसांत नाचायचं की नाही, हे पोरगी ठरवेल. देव नाही आणि सरही नाही.

"एवढ्याशा गॅदरिंगसाठी इतकं कशाला?" असं कुणी म्हणेल. आठ दिवसांत मोडलेला घोटा आयुष्यभर निंदणीला, वेचणीला सोबत येतो, म्हणून.

मैत्रिणींनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. तिथं आपण चहा-बिस्किटांपुरत्या बसायचं नाही. संमेलनाचा विषय निघेल तेव्हा तीन प्रश्न विचारा: सराव किती महिने? जमीन कोणती? पोरगी दुखतं म्हणाली तर थांबवणार कोण? उत्तरं मिळेपर्यंत चाळ पेटीतच राहू द्या. पोरींनी नाचू नये असं मी म्हणत नाही. त्यांनी मनसोक्त नाचावं, चाळिशीतही नाचावं. त्यासाठी पाय शाबूत हवेत.