घाटात कोण ऐकणार?

साठी उलटल्यावर मी पुन्हा सायकलवर बसलो. पहाटे सिन्नरहून निघून मोहदरी घाट उतरायचा, पुन्हा चढायचा. ‘एकटे जाता, निदान ते जीपीएसचं यंत्र तरी घ्या. पडलात तर घरी कळवतं म्हणे,’ हा सौभाग्यवतींचा आग्रह.

बँकेत हयात गेलेला माणूस बारीक अक्षरं आधी वाचतो. गार्मिनच्या एज मालिकेतली यंत्रं पडझड ओळखतात खरी; पण निरोप धाडतात तो खिशातल्या मोबाइलमार्फत. रेंज नसली की निरोप तिथंच. जीपीएसचे उपग्रह नुसते संकेत पाठवतात, त्यावरून यंत्र आपली जागा काढतं. आपली हाक ते ऐकत नाहीत.

मग पैसे कशाचे मोजायचे? रंगीत नकाशा मला नको, रस्ता पाठ आहे. बटणं मात्र हवीत. भिजलेल्या बोटांना काचेचा पडदा दाद देत नाही. चढ नीट मोजायला हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापकही हवा.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा मागे गाडीत माणसं होती. माझ्यामागे कोण? म्हणून परतायची वेळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून निघतो. सौ. त्यात अर्धा तास जास्तीचा धरते.