नाव कुणाचं, गाव कुणाचं?

औंढा नागनाथ म्हटलं की आपल्याला ज्योतिर्लिंग आठवतं, श्रावणातली गर्दी आठवते. आता त्याच औंढ्याच्या परिसरात 'लायगो' प्रकल्प होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत बायका हमखास विचारतात, "ताई, ते मशीन करणार तरी काय? आपल्या लेकरायला त्याचा काय उपयोग?" प्रश्न अगदी रास्त आहे.

काटकोनात ठेवलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यातून धावणारे लेसर किरण, असं हे यंत्र. दूर आकाशात दोन अतिजड तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात बारीकशी थरथर उठते. ती टिपणं हे त्याचं काम. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिका आणि इटलीतल्या अशा यंत्रांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली. ती झाली होती १३ कोटी प्रकाशवर्षं दूर! लगेच जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. त्या प्रकाशात जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा मिळाल्या. आपल्या मंगळसूत्रातल्या सोन्याचा मोठा वाटा अशाच टकरींतून आला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या लांबचं मूलद्रव्य ओळखलं कसं? मैत्रिणींनो, ही युक्ती आपल्या स्वयंपाकघरातही दिसते. गॅसच्या ज्योतीवर मीठ सांडलं की ज्योत पिवळीधमक होते. ती मिठातल्या सोडियमची खूण. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात अशा ठराविक रंगांच्या रेषा असतात, जणू त्याच्या अंगठ्याचा ठसाच.

या ठशाची एक मोठी गोष्ट आपल्या भूमीवर घडली. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं. त्याची सावली कोकणातून विजापूर, गुंटूरकडे गेली. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन दुर्बीण लावून बसले होते. ग्रहणात सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. आधी ती सोडियमचीच वाटली. पुढे ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या लॉकयर यांनी ग्रहण नसतानाही ती पाहिली आणि ती सोडियमची नाही हे ओळखलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून या नव्या मूलद्रव्याला नाव मिळालं हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडलं. लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हा शोध लावला, असं आपल्याकडे अनेकदा सांगतात. प्रत्यक्षात ग्रहणाच्या दिवशी ते इंग्लंडमध्येच होते. तरी विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, याचं कौतुकच आहे. पण आकाश आपलं असून यंत्र आणि अभ्यास दुसऱ्याचा असला, की नावही दुसऱ्याच्याच भाषेतलं पडतं, हे त्यातून शिकायला हवं.

कारण नाव सुचवायचा मान शोध लावणाऱ्याचा असतो. त्या नावावर आंतरराष्ट्रीय संस्था शिक्कामोर्तब करते. मूलद्रव्याला गावाचं, देशाचं, शास्त्रज्ञाचं नाव देता येतं. आणि गाव मोठंच लागतं असं नाही हं! स्वीडनमधल्या इटर्बी या लहानशा गावावरून चार मूलद्रव्यांची नावं पडली. २०१७ च्या त्या टकरीच्या प्रकाशात २०१९ मध्ये जे स्ट्रॉन्शियम ओळखलं गेलं, त्याचं नाव स्कॉटलंडमधल्या एका खेड्यावरून आलंय. २०१६ मध्ये चार नवी नावं पक्की झाली, त्यात जपानवरून निहोनियम आलं. आज ११८ मूलद्रव्यं आहेत. भारताच्या नावाचं एकही नाही.

आणि बायकांच्या नावाची किती? मोजून दोन! एक क्युरियम, तेही मेरी आणि पिअर या नवरा-बायकोचं मिळून. दुसरं माइटनेरियम, लिझे माइटनर यांचं. अणू फुटतो हे समजावून सांगण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पण नोबेल एकट्या ऑटो हान यांना मिळालं. १९९७ मध्ये १०९ व्या मूलद्रव्याला त्यांचं नाव मिळालं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. मेरीबाईंनी मात्र १८९८ मध्ये सापडलेल्या मूलद्रव्याला आपल्या मायदेशाचं, पोलंडचं नाव दिलं. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावरही नव्हता. लेक सासरी गेली तरी माहेर विसरत नाही, ते असं.

लायगोतून नवं मूलद्रव्य तयार होणार नाही. त्यामुळे औंढ्याच्या नावाचं मूलद्रव्य येईल, अशी आशा कुणी लावू नये. पण जगातल्या मोजक्या यंत्रांपैकी एक आपल्या दारात येतंय. तिथे शास्त्रज्ञ लागतील, तसेच इलेक्ट्रिशियन, वेल्डर, कॉम्प्युटरवाले लागतील. ते सगळे बाहेरूनच येणार का? आपली पोरगी दहावीत 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा धडा पाठ करते, चांगले मार्क मिळवते. मग कॉलेज लांब, एसटी वेळेवर नाही, स्थळ चांगलं आलंय, म्हणून तिचं शिक्षण थांबतं. विजयदुर्गाच्या वेळी आपल्या हातात काही नव्हतं. आता आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत रस्ता-पाण्यासोबत दोन मागण्या मांडा. शाळेची प्रयोगशाळा कुलपातून बाहेर काढा आणि मुलींच्या कॉलेजच्या वेळेला एसटी सोडा. दहावी झालेल्या लेकीला "पुरे आता" म्हणण्याआधी हळदीच्या पैशातला थोडा वाटा तिच्या अकरावी सायन्ससाठी किंवा आयटीआयसाठी बाजूला काढा. आपल्या गावातल्या यंत्राजवळ आपली लेक फक्त सहलीला जाऊन फोटो काढणार, की आत बसून काम करणार, हे पुढच्या दोन-चार वर्षांत आपल्याच घरात ठरणार आहे.