भाव पाडायला लाजू नका, भाव लपवायला लाजा



ऑफ-सीझनवरच्या व्हिडिओखाली एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, मंदीत रेट कमी केला की गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. एकदा पडलेला रेट परत चढत नाही. मग करायचं काय?"

याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात नाही मिळालं. ते मिळालं अमेरिकेतल्या एका वाळवंटात, आणि थोडं उशिरा मिळालं. उशिरा का, ते शेवटी सांगतो.

माझा भाचा ॲरिझोनात चँडलरला नोकरीला आहे. २०२४ च्या जुलैत आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "मामा, दोन रात्री स्कॉट्सडेलच्या गोल्फ रिसॉर्टला राहून या. मामीला स्पा, तुम्हाला धंद्याचं निरीक्षण."

स्कॉट्सडेल हे फिनिक्सला लागून असलेलं शहर. सोनोरन वाळवंटात वसलेलं. आजूबाजूला माणसाच्या तिप्पट-चौपट उंच सग्वारो निवडुंग आणि मधेच हिरवीगार गोल्फची मैदानं. इथला उन्हाळा म्हणजे चेष्टा नाही. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. आपल्या भाषेत ४३ अंशांच्या पुढे. रोज. महिनाभर.

आता विचार करा, अशा ठिकाणी जुलैत गोल्फ खेळायला कोण जाणार?

त्यांचा सीझन जानेवारी ते एप्रिल. शिकागो, मिनेसोटा, कॅनडा बर्फात गोठलेले असतात तेव्हा तिथली माणसं इथे उन्हाला येतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फिनिक्स ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा याच गावात होते. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बेसबॉलचे १५ संघ फिनिक्सच्या आसपास सरावाला उतरतात. तेव्हा खोली मिळायची मारामार. आम्ही राहिलो त्या खोलीचा मार्चचा दर सहाशे डॉलरच्या घरात होता. जुलैत तीच खोली, तोच पलंग, तोच डोंगराचा देखावा, जाहिरातीत दर १८० डॉलर.

पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचं दिवाळं निघालेलं दिसतंय. पण दुसऱ्या दिवशी डोळे उघडले.

पहाटे साडेपाचला भाच्याबरोबर मैदानावर गेलो. मला गोल्फमधलं काही कळत नाही, मी आपला गाडीत बसून बघत होतो. मैदान सगळंच हिरवं नव्हतं. चेंडू जिथून मारायचा आणि जिथे पडायला हवा तेवढ्याच जागी गवत, मधे सरळ वाळू आणि काटेरी झुडपं. चेंडू झुडपात गेला तर भाचा म्हणाला, "राहू दे मामा, हात घालू नका, साप असतात." वाळवंटात पाणी म्हणजे पैसा, त्यामुळे उत्तर स्कॉट्सडेलमधल्या बऱ्याच मैदानांना शहराचं सांडपाणी शुद्ध करून दिलं जातं. पण गवताला पाणी घालावंच लागतं, पाहुणा येवो न येवो. उलट जुलैत जास्त घालावं लागतं. माळी, पंप, गार्ड, कर्जाचा हप्ता, काहीही थांबत नाही.

आता हिशोब मांडा. समजा एक खोली एक रात्र दिली की लॉन्ड्री, साफसफाई, साबण, वीज मिळून ५० डॉलर खर्च होतात. १८० ला दिली तर १३० हातात. "माझा रेट सहाशेच" म्हणून रिकामी ठेवली तर हातात शून्य. आणि आजची रात्र उद्या विकता येत नाही. दुधासारखं आहे, सकाळी नासलेलंच असतं.

पण खरी हुशारी दर पाडण्यात नव्हती. संध्याकाळी तलावाशी बसलो तेव्हा शेजारच्या कुटुंबांशी बोललो. कोणी शिकागोचं नव्हतं. सगळी अर्ध्या-पाऊण तासावरची, फिनिक्सचीच. लेकरं घेऊन पोहायला आलेली, बायकांसाठी स्पाची उन्हाळी ऑफर. म्हणजे रिसॉर्टने नुसता भाव नाही बदलला, गिऱ्हाईक बदललं. मार्चमध्ये गोल्फ विकतात, जुलैत गारवा विकतात. मार्चचा शिकागोवाला "मला पण १८० ला द्या" म्हणून भांडायला येत नाही, कारण त्याला जुलैत यायचंच नाही. आता प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर मिळालं ना? वेळ वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, माल थोडा वेगळा, तर रेट वेगळा ठेवायला घाबरू नका. रेट पडत नाही.

इथपर्यंत मी त्यांना दहापैकी दहा मार्क देत होतो. मग आलं बिल.

आमची सौ. बिल बारकाईने वाचते. काउंटरवरच म्हणाली, "अहो, हे रोजचे पंचेचाळीस कसले?" रिसॉर्ट फी! रोज ४५ डॉलर. त्यात काय? वायफाय, जिम, पाण्याच्या दोन बाटल्या आणि गोल्फच्या सरावाचे चेंडू. मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. काउंटरवरचा मुलगा गोड हसून म्हणाला, सगळ्यांनाच असते सर. बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात होतंही म्हणे.

९० डॉलरनी मी गरीब झालो नाही. पहिल्यापासून २२५ सांगितले असते तरी मी आनंदाने दिले असते, सहाशेच्या मानाने स्वस्तच होते. पण आता दोन दिवसांचा गारवा, पहाटेचं ऊन, सौ.चा स्पा, सगळ्याच्या वर ती एक ओळ बसली. भारतात आल्यावर लोकांनी विचारलं, "रिसॉर्ट कसं होतं?" तर आमचं पहिलं वाक्य, "छान होतं, पण बिलात..."

हा "पण" फार महाग पडतो मित्रांनो.

अमेरिकेत आता याला चाप लागला आहे. १२ मे २०२५ पासून तिथल्या सरकारी नियमाप्रमाणे मुक्कामाच्या जागेचा दर दाखवताना सक्तीचे आकार धरूनच दाखवावा लागतो. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ऑनलाइन विक्रीत भाव असा थेंबाथेंबाने वाढवत नेण्याला फसवणुकीच्या प्रकारांत धरलं आहे. पण मी कायद्याच्या भीतीने बोलत नाही.

आता सांगतो, हे उत्तर मला उशिरा का मिळालं.

ट्रेनर होण्याआधी सांगलीकडे माझं मंगल कार्यालय होतं. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत रिकामं. एका क्लासवाल्याने चातुर्मासात हॉल मागितला, दिवसाला ८ हजार देत होता. मी म्हटलं, आमचा रेट ४० आहे, पडेल. चार महिने वॉचमनला पगार देत कुलूप लावून बसलो. आणि तो तोटा काढला कुठून? लग्नाच्या बिलातून. जनरेटरचं डिझेल वेगळं, साफसफाई वेगळी, गाद्या-उशा वेगळ्या.

एकदा पाठवणी नुकतीच झाली होती. मुलीच्या वडिलांचे डोळे अजून ओले होते आणि मी त्यांच्यापुढे साडेअकरा हजारांचं वाढीव बिल ठेवलं. ते एक शब्द बोलले नाहीत. पैसे मोजले, नमस्कार केला, गेले. दोन वर्षांनी त्यांच्या धाकटीचं लग्न झालं. चार गल्ल्या पलीकडच्या कार्यालयात. पत्रिका मात्र मला आली होती.

पुढे ते कार्यालय मला विकावं लागलं. कारणं बरीच होती, पण मी पहिलं हेच मोजतो.

तर आज रात्री एक काम करा. तुमचं शेवटचं बिल काढा आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांनी वाचा. जी ओळ त्याला आधी माहीत नव्हती, ती एक तर मूळ भावात घाला, नाहीतर खोडून टाका. मग कमेंटमध्ये लिहा, किती ओळी सापडल्या. खोटं लिहू नका, मी माझ्या तीन कबूल केल्या आहेत.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण बिल वाढवून नको!