ओळखणारें नाक

प्रयोगशाळेंत हायड्रोजन सल्फाइड तयार करतांना येणारा सडक्या अंड्यांसारखा उग्र वास तुमच्या परिचयाचा आहे. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें १०० भाग झाले, कीं थोड्याच वेळांत नाक बधिर होऊन वास येईनासा होतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मैल्याच्या गटारांत उतरणाऱ्या मनुष्याचा घात अनेकदां यामुळेंच होतो. म्हणून नाकाचें काम यंत्राकडे सोंपविणें अवश्य आहे.

१९६२ सालीं जपानांत तागुची यांनीं टिन ऑक्साइडचा वायुसंवेदक, म्हणजे वायूची चाहूल घेणारें साधन, पुढें आणलें. ज्वालाग्राही वायूचा स्पर्श होतांच तापलेल्या टिन ऑक्साइडचा विद्युत्‌रोध बदलतो. मात्र त्यास अनेक वायु सारखेच. मद्याची वाफ आली तरी तें ओरडतें. आणि उठतां बसतां ओरडणाऱ्या यंत्राचा आवाज लोक एके दिवशीं बंद करून टाकतात! आमच्या मतें खरा धोका येथेंच आहे.

यावरील एक उपाय सूक्ष्मरंध्री पदार्थांत सांपडतो. १७५६ सालीं स्वीडनमधील क्रोनस्टेट यांनीं एक खनिज तापविलें, तों तें उकळल्यासारखें दिसलें. म्हणून त्यास ‘उकळता दगड’ या अर्थाचें झिओलाइट हें नांव मिळालें. पुणें-नाशिककडील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सांपडतात. त्यांतील रंध्रें साधारणतः एका नॅनोमीटरहून, म्हणजे मीटरच्या शंभर कोटीव्या भागाहून, लहान व ठराविक मापाचीं असतात. लहान रेणू आंत शिरतात, मोठे दारांतच अडतात. संवेदकावर असा थर दिला, कीं त्यास चाळणीच लाभते. याहून मोठीं रंध्रें असलेल्या सिलिकामध्यें साखर ओळखणारें एन्झाइम बसवितां येतें. तेथें निवड एन्झाइम करतें, रंध्र त्यास आसरा देतें.

तथापि यांत एक उणीव आहे. पुष्कळशा झिओलाइटांस पाणी अतिप्रिय. दमट हवेंत वायूची जागा बाष्पच अडवितें. यास्तव कोरड्या प्रयोगशाळेंतील यशावर न विसंबतां आपल्या आषाढांत अशा यंत्राची परीक्षा व्हावी. मनुष्यास गटारांत उतरवूंच नये हें उत्तम; पण उतरण्याचा प्रसंग आलाच, तर आधीं ज्ञात प्रमाणाच्या वायूनें यंत्र तपासून घ्यावें.

यंत्र किती अल्प वायु ओळखतें एवढेंच विचारून थांबूं नये. तें कशाकडे दुर्लक्ष करतें, हेंहि विचारावें. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर ओरडणाऱ्या पहारेकऱ्यापेक्षां चोर ओळखणारा पहारेकरीच घराचें रक्षण करतो.