नरक्या आणि समुद्रकाकडी

सह्याद्रीतला नरक्या आणि मन्नारच्या आखातातली समुद्रकाकडी यांची तुलना करायची म्हटली तर कुणालाही हसू येईल. एक झाड, दुसरा समुद्रतळाशी पडून राहणारा, नावापुरताच काकडी असलेला प्राणी. पण दोघांनाही पळता येत नाही, आणि दोघांचेही गिऱ्हाईक फार लांबचे आहे.

नरक्याला नाव मिळाले ते दुर्गंधीमुळे. त्यात कॅम्पटोथेसिन हे द्रव्य असल्याचे 1970च्या दशकात समजले. या द्रव्यापासून घडवलेल्या दोन कर्करोगविरोधी औषधांना 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मग काय, कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या रानांत कुऱ्हाडी चालू लागल्या. औषधाने कुणाचा जीव वाचत असेल, तर झाड तोडण्याला सरसकट पाप कसे म्हणावे? माझी तक्रार मुळासकट तोडण्याविषयी आहे. बुंधा राखला तर नरक्याला पुन्हा फुटवे येतात.

समुद्रकाकडीचे तसे नाही. वाळू गिळायची, तिच्यातला कुजका अंश पचवायचा आणि वाळू परत टाकायची, असा तिचा गांडुळासारखा उद्योग. नर-मादी आपापली बीजे पाण्यात सोडतात. ती जुळायला दोघे जवळ असावे लागतात. विरळ झाल्या की उरलेल्या असूनही नसल्यासारख्याच. चिनी मेजवान्यांसाठी उकडून, वाळवून त्या इतक्या गेल्या, की 2001 मध्ये सरकारने त्यांना वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवले. त्याच कायद्यातल्या वनस्पतींच्या यादीत तेव्हा सहाच नावे होती. नरक्या त्यांत नव्हता.

मला खटकते ते हे, की एकाला त्या यादीत जागाच नव्हती आणि दुसरीला बंदीखेरीज नियम नाही. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1988 मध्येच समुद्रकाकडीची पिल्ले टाकीत वाढवून दाखवली होती. बंदी आली आणि रामनाथपुरमच्या पाणबुड्यांचा रोजगार गेला. पलीकडे श्रीलंकेत मात्र परवाना काढून हाच धंदा करता येतो. चोरटा माल मग कुठल्या दिशेने जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. 2020 मध्ये लक्षद्वीपजवळ समुद्रकाकडीसाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले, ते चांगलेच झाले. पण तुतिकोरिनच्या पिल्लांना समुद्रात सोडून सांभाळण्याचे काम त्याच पाणबुड्यांना मजुरी देऊन का सांगू नये? आणि कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याने बांधावर नरक्या लावला, तर त्याच्या फांद्या रीतसर विकत घेणारे कुणी सरकारी खाते का असू नये?