पैसा कुणाचाही असो, देखरेख आपलीच हवी

परदेशी कर्जातून किंवा मदतीतून मोठा कारखाना उभा राहायचा म्हटलं, की रेणापूरच्या चहाच्या टपरीपासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत एकच मत ऐकू येतं: पैसा त्यांचा, तर देखरेखही त्यांचीच असावी, आपल्या लोकांच्या हाती दिली तर सगळं टक्केवारीत जिरेल. या मतामागची चीड खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पहिली गोष्ट, कर्जाचा पैसा त्यांचा नसतोच. तो व्याजासकट आपणच फेडतो. दुसरी, देणाऱ्याचंही हित असतं, आणि त्याची माणसं आली म्हणजे काम नीट होईलच असं नाही. अमेरिकी मदतीतून उभारलेला ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ साली सुरू झाला. परदेशी तंत्र आणि ठेकेदार असूनही तो सुरुवातीची काही वर्षं पूर्ण क्षमतेने चालला नाही. आणि पुढे तो चालवायचा होता इथल्याच अभियंत्यांना. अलिबागजवळच्या थळ-वायशेतच्या खत कारखान्यासाठी सल्लागार कंपनीच्या निवडीवरून वाद झाला आणि जागतिक बँकेने अंग काढून घेतलं. त्या निवडीवर टीकाही झाली. पण बँक गेली म्हणून कारखाना बुडाला नाही. दिवसाला प्रत्येकी १,३५० टन अमोनिया काढणारे दोन संच उभे राहिले आणि १९८५च्या सुमारास उत्पादन सुरू झालं.

मदत नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. यंत्रांबरोबर विद्याही आली, इथल्या माणसांनी ती आत्मसात केली, म्हणूनच पुढे त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत हॅमायसिन या औषधाचा शोध लागला.

आणि आपल्या लातूरचं काय? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन सुरू झालं. गावोगावच्या घरांच्या मजबुतीकरणात घरमालकाच्या हाती हप्त्याने पैसा आला आणि काम त्याच्या डोळ्यांदेखत झालं. दगडी भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, माळवदावरचा मातीचा थर कमी करायचा. हे नीट झालं की नाही, हे त्याच छताखाली झोपणाऱ्यापेक्षा कुणाला जास्त कळणार? शेकडो गावांत बायका संवाद सहायक म्हणून घरोघरी फिरल्या, माहिती दिली, अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या. दूरच्या तज्ज्ञाला हे जमलं नसतं. तो चार दिवस येतो, अहवाल वाचतो आणि परत जातो.

हिशेब तपासण्याचा हक्क देणाऱ्याला जरूर असावा. रोजची देखरेख मात्र कारखाना पुढे चालवणाऱ्या अभियंत्याची आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या गावाची. टक्केवारीवर उपायही तोच आहे: दर हप्त्याचा हिशेब मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या २८ दिवसांनंतरच्या चाचणीचे आकडे मागेल त्याला दाखवावेत. चोरी अंधारात होते. परका पहारेकरी नेमून उजेड पडत नाही.

उद्या आपल्या तालुक्यात असा प्रकल्प आला, तर ग्रामसभेत पहिला ठराव नोकऱ्यांचा करू नका. देखरेख समितीत गावाला जागा मिळावी, हा ठराव आधी करा.